एका संध्याकाळपुरतं द्या

“चिपळ्या मी देत नाही जी. मागं बायबल दिलं होतं प्रदर्शनाले, ते अजून येऊनच राहिलं.”

एवढं बोलून काकाजींनी ट्रंकेचं झाकण लावलं आणि आत चहा टाकायला सांगितलं. विषय संपला होता. मी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा गेले होते. पहिल्या वेळी त्यांनी चिपळ्या दाखवल्या तरी होत्या. शिसवीच्या, हाताच्या घामानं काळ्या आणि गुळगुळीत झालेल्या. एका चिपळीची झांज निखळली होती, तिथं तांब्याची तार ओवून बांधली होती. त्या त्यांच्या वडिलांच्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि सुट्टीच्या दिवसांत सायकलवर सावनेर-काटोलकडे जाऊन कीर्तन करायचे. ख्रिस्ती कीर्तन. पूर्वरंग, उत्तररंग, मागे टाळ आणि मृदंग, सगळं रीतसर. आख्यान मात्र बायबलमधल्या उधळ्या पुत्राचं.

आणि बायबल? ते कुठल्याशा समारंभाच्या वेळी आमच्याच माणसांनी मागून नेलं होतं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या चार पिढ्यांच्या जन्माच्या आणि मृत्यूच्या तारखा होत्या. समारंभ झाला, मांडव निघाला, बायबल कुणाकडे गेलं ते कुणालाच सांगता आलं नाही. ज्या माणसाच्या घरातून असं काही गेलंय, त्याच्याकडे ‘मंडळीच्या’, म्हणजे आमच्या चर्चच्या, ‘वारशासाठी’ म्हणून चिपळ्या मागायला जाताना माझेच पाय जड झाले होते.

नागपुरातलं आमचं देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) मूळ स्कॉटिश मिशनचं. जाड भिंती, उतरतं छप्पर, उंच खिडक्या. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत शिरलं की कपाळावरची शीर सैल होते. वेदीच्या मागे एक खोली आहे. तिला आम्ही लहानपणी ‘साहेबाची खोली’ म्हणायचो. दोन लोखंडी कपाटं, एक बंद पडलेली पायपेटी, पितळी घंटा, प्रभुभोजनाचे जुने प्याले, आणि नोंदवह्यांचे गठ्ठे. पाळक साहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, ठरवलं की या खोलीचं छोटं संग्रहालय करायचं आणि नाताळच्या आधीच्या एका शनिवारी अंगणात कार्यक्रम ठेवून ती सगळ्यांसाठी उघडायची. मी शाळेत मराठी शिकवते, आणि सुट्टीतल्या एका वर्गात मोडी लिपी शिकले आहे. तेवढ्यावर काम माझ्याकडे आलं. दोन वर्षं ते केलं. पहिल्या वर्षी चुकलो, आणि कुठं चुकलो ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

पहिली चूक माझी. बाप्तिस्म्याच्या सगळ्यात जुन्या वहीची काही पानं सुटी झाली होती, कडा झडत होत्या. मला वाटलं, प्लास्टिकमध्ये बंद केली की कायमची जपली जातील. चार पानं घेऊन दुकानात गेले आणि लॅमिनेशन करून आणली. चकचकीत दिसत होती. पहिल्या पावसाळ्यानंतर पाहिलं, तर शाईभोवती तपकिरी छटा पसरली होती. जुनी लोहयुक्त शाई आम्लधर्मी असते, ती कागदाला आतून खाते. त्यात आपण गरम रोलरखालून कागद काढला, वर प्लास्टिक चिकटवलं, म्हणजे आतलं काहीच बाहेर पडायला वाट ठेवली नाही. आणि ते प्लास्टिक आता काढता येत नाही, काढलं तर अक्षरं सोबत येतात. त्या चार पानांवर सतरा नावं आहेत. मी ती हातानं उतरवून ठेवली आहेत, पण ती पानं परत तशी होणार नाहीत. ज्यांच्या हाती जुन्या वह्या आहेत त्यांना हात जोडून सांगते: लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, झेरॉक्सच्या काचेवर वही उताणी दाबणं नको. खिडकीजवळच्या उजेडात वही अर्धी उघडी ठेवून वरून मोबाइलनं फोटो काढा. तेवढं पुरतं.

दुसरी चूक सगळ्यांची. पहिल्या वर्षी आम्ही खोली सजवली आणि मग लोकांना बोलावलं. भिंतीवर स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांची तसबीर, खाली त्यांचं चरित्र. शेजारी घंटा, खाली पट्टी: ‘स्कॉटलंडहून आलेली.’ प्याले: ‘स्कॉटलंडहून आलेले.’ पायपेटी: तीच पट्टी. माणसं आली, रांगेनं फिरली, सात-आठ मिनिटांत बाहेर पडून सांभारवडीच्या स्टॉलकडे गेली. (नागपूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, म्हणून ती सांभारवडी.) महिला मंडळाची वडी तासाभरात संपली, खोलीतल्या अभिप्रायाच्या वहीत मात्र पाच सह्या. त्यातल्या दोन माझ्या विद्यार्थिनींच्या, मी सांगितलं म्हणून केलेल्या.

हिस्लॉप साहेबांबद्दल माझ्या मनात आदर आहे, तो अजिबात कमी नाही. ते 1845 मध्ये नागपूरला आले तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी शाळा काढली. नागपूरच्या आसपास पायी आणि घोड्यावर फिरून त्यांनी दगड आणि जीवाश्म गोळा केले. भूगर्भशास्त्रात त्यांच्या नावाचं हिस्लोपाइट हे खनिज आहे. गोंडांची भाषा, त्यांच्या चाली, त्यांची गाणी त्यांनी लिहून घेतली. 4 सप्टेंबर 1863 रोजी, टाकळघाटची शिलावर्तुळं पाहायला गेले असताना, बोरीजवळच्या ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले. वय अवघं पंचेचाळीस. त्याच 1863 सालात सर रिचर्ड टेंपल यांनी नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय सुरू केलं, आपला अजब बंगला. हिस्लॉप यांचे गोंडांवरचे अपुरे राहिलेले कागदही टेंपल यांनीच 1866 मध्ये छापून आणले. त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून उभं आहे, ते तर नागपुरात रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे.

पण एवढं मोठं चरित्र भिंतीवर लावलं की खोलीत दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही. घंटा स्कॉटलंडहून आली हे खरं. ती रोज पहाटे वाजवली कुणी? प्याल्यांना कल्हई कुणी करायची? पायपेटीवर कोण बसायचं? हे प्रश्न मला त्या अभिप्रायाच्या वहीपाशी बसल्यावर पडले, आधी पडायला हवे होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वह्या घेऊन बसले. एक कूलर, एक मऊ ब्रश, एक शिसपेन्सिल. शाईचं पेन खोलीत आणायचंच नाही असा नियम केला. आधी प्रत्येक वही सावलीत उभी ठेवून वारा दिला. मग ब्रश शिवणीकडून बाहेरच्या बाजूला, एकाच दिशेनं. कसर लागलेल्या वह्या वेगळ्या काढल्या. पानात बारीक नागमोडी वाटा कोरलेल्या असतात, ती खूण. गठ्ठ्याला नायलॉनची दोरी होती ती काढून सुती नाडी बांधली. शिवणीत सापडलेल्या टाचण्या गंजून कागदाला चिकटल्या होत्या. एकेक काढायला पंधरा मिनिटं लागायची. एका टाचणीखाली सन नसलेली चिठ्ठी निघाली: ‘मास्तर, आज येत नाही. पोराला देवी आल्या.’ बस, एवढंच. मी कितीतरी वेळ ती हातात घेऊन बसले होते.

बऱ्याच वह्यांची पहिली पानं गेली होती, मग साल कसं ठरवायचं? एक गोष्ट कामी आली, ती जुन्या मिशन देवळांत काम करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल. वहीच्या छापील मथळ्यावर किंवा शिक्क्यावर मंडळीचं नाव काय आहे ते बघायचं. स्कॉटलंडमध्ये 1843 साली चर्च फुटलं आणि फ्री चर्च निघालं, हिस्लॉप त्यांचेच. 1900 मध्ये ते दुसऱ्या एका मंडळीशी मिळून युनायटेड फ्री चर्च झालं, 1929 मध्ये ते पुन्हा चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये गेलं. इकडे 1924 मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. म्हणजे मथळ्यावर ‘युनायटेड फ्री’ असेल तर ते छापील पान 1900 च्या आधीचं असूच शकत नाही. अर्थात छापलेल्या कोऱ्या वह्या काटकसरीनं पुढे वर्षानुवर्षं वापरल्या जायच्या, म्हणून आतल्या नोंदींशी ताडून बघावंच लागतं. पण सुरुवातीला धरायला काहीतरी हाती लागतं. मंडळीतली तीन कॉलेजची मुलं माझ्यासोबत होती. त्यांना हा खेळ इतका आवडला की शिक्का दिसला की ओरडायची, “ताई, एकोणतीसच्या आधीचं!”

आणि आत नावं होती. बापाचं नाव, आईचं नाव, आणि ‘धंदा’ हा रकाना. खानसामा. माळी. कंपाउंडर. कोष्टी. शाळामास्तर. दाई. पंखेवाला. त्या रकान्यानं मला सांगितलं की ही खोली कुणाची आहे. आम्ही तो रकाना मोठ्या अक्षरांत उतरवून काढला. व्यक्तींची नावं आणि जातीचे उल्लेख मात्र प्रदर्शनात ठेवायचे नाहीत असं पाळक साहेबांशी बोलून ठरवलं. घरच्यांनी येऊन मागितलं तर त्यांच्या माणसाची नोंद त्यांना एकट्यात दाखवायची. बाप्तिस्म्याची वही ही तमाशाची वस्तू नाही.

आता वस्तू हव्या होत्या. कंपाउंडरचा खल, दाईची पेटी, मास्तरांच्या चिपळ्या. या वस्तू देवळात नव्हत्या, घराघरांत होत्या. रविवारी उपासनेनंतर मी जाहीर केलं की ज्यांच्याकडे जुनं काही असेल त्यांनी संग्रहालयाला द्यावं. तीन रविवार जाहीर केलं. आल्या दोन वस्तू: एक फुटका कंदील आणि एक मिक्सर.

तोड सापडली ती एका आजींमुळे. त्या अंथरुणाला खिळलेल्या नाहीत, पण काठीशिवाय चालत नाहीत. 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा सोहळा इथं नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात झाला तेव्हा त्या स्वयंसेविका होत्या. तेव्हाची कापडी फीत त्यांनी जपून ठेवली आहे, पदराला लावायची, कडेला शिवणीची टाचणी अजून तशीच. त्यांनी ती मला हातात दिली, बघू दिली, आणि परत घेतली.

मी म्हटलं, “आजी, खोलीत ठेवू या ना. सगळ्यांना दिसेल.”

“ठेवून कायले राहिली तू? मी मेल्यावर ठेव.” मग जरा थांबून म्हणाल्या, “संध्याकाळपुरती पाहिजे असंल तर म्हण. मीच घेऊन येतो. मीच सांगतो. आणि माझी मीच घरी घेऊन जातो.”

मी घरी आले ती हेच मनात घोळवत. आपण लोकांकडे वस्तू कायमची मागत होतो. त्यांच्याकडे त्या वस्तूशिवाय त्या माणसाचं दुसरं काही उरलेलं नसतं, ते कसे देतील? आणि दिली तरी ती कपाटात जाऊन ‘देणगीदार: अमुक’ एवढ्या पट्टीवर संपणार. त्याऐवजी वस्तू एका संध्याकाळपुरती यावी, मालकासोबत यावी, मालकानं शेजारी उभं राहून तिच्याबद्दल बोलावं, आणि सोमवारपर्यंत ती घरी परत जावी. खोलीत राहावा तिचा फोटो, आणि मालकानं सांगितलेलं त्याच्याच शब्दांत लिहून घेतलेलं.

पावतीपुस्तक छापून घेतलं. दोन प्रती, मध्ये कार्बन. वस्तू काय, कुणाची, आज तिची स्थिती कशी (तडा, डाग, तुटकी झांज, सगळं लिहायचं), कधी घेतली, कधी परत देणार, आणि खाली माझी सही आणि फोन नंबर. मंडळीचा शिक्का नंतर मारायचा, आधी माझी सही. हा आग्रह मी मुद्दाम धरला. कमिटीवर विश्वास ठेवा म्हटलं की लोकांना ते हरवलेलं बायबल आठवतं. एका माणसाच्या सहीला जाब विचारता येतो. वस्तूवर थेट नंबर लिहायचा नाही, चिकटवायचाही नाही. जाड कागदाची चिठ्ठी सुती दोऱ्यानं सैल बांधायची, पेन्सिलनं नंबर. तोच नंबर पावतीवर, तोच मोठ्या वहीत.

पहिली पावती आजींच्या फितीची. ती घेऊन मी घरोघर फिरले. पावती दाखवली की माणसं आत जायची आणि काहीतरी घेऊन यायची. एकीनं सासूबाईंचं बाप्तिस्म्याचं लुगडं काढलं, पांढरं, बारीक नागपुरी काठाचं, घडीच्या रेषांवर विरलेलं. ते उलगडायचं नाही, घडीतच ठेवायचं असं ठरलं. खल आला. दाईची पत्र्याची पेटी आली. नोव्हेंबर संपेपर्यंत एक्केचाळीस पावत्या फाटल्या.

काकाजींकडे मी तिसऱ्यांदा गेले ते पावतीपुस्तक घेऊन. त्यांनी पावती चष्मा लावून, चष्मा काढून, दोन्ही प्रकारे वाचली.

“सही तुमची?”

“माझी.”

“चिपळ्या तुम्ही वाजवणार नाही?”

“नाही काकाजी. वाजवणार तर तुम्ही.”

त्यावर ते काही बोलले नाहीत. पण ट्रंक उघडली.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि फिरणं जास्त. ध्वनिक्षेपकाचा अर्ज पोलीस ठाण्यात पंधरा दिवस आधी दिला. रात्री दहाला माइक बंद म्हणजे बंद, म्हणून कार्यक्रम साडेपाचला सुरू करायचं ठरवलं. जुन्या चुन्याच्या भिंतीत एकही खिळा ठोकायचा नाही, सगळं शाळेतून आणलेल्या लाकडी तिकाटण्यांवर. हे दुसरं मी मांडववाल्याला चार वेळा सांगितलं आणि तरी सकाळी सहाला येऊन दारात उभी राहिले.

वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. हिस्लॉप यांनी उतरवून घेतलेल्या गोंडी गाण्यांत लिंगोची मोठी कथा आहे, ती त्यांना एका परधानानं सांगितली होती. परधान म्हणजे गोंडांचे गाणारे, देवादिकांच्या कथा पिढ्यानपिढ्या तोंडपाठ ठेवणारे. माझं म्हणणं होतं की आपण साहेबांनी गाणं लिहून घेतलं एवढंच सांगतो, मग गाणाऱ्यांनाच बोलावू या. देवलापारकडचे एक परधान गायक किंगरी या तंतुवाद्यावर ती गातात असं कळलं होतं. कमिटीतल्या दोन वडिलांना ते पटेना. देवळाच्या आवारात दुसऱ्या देवांची कथा कशी? त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, आणि मी तो हसण्यावारी नेला नाही. दोन बैठका त्यावर गेल्या. शेवटी पाळक साहेब म्हणाले, “आपल्या माणसानं ते ऐकलं, आवडीनं लिहून घेतलं, म्हणून तर आपण त्याचं कौतुक करतो. त्यानं ऐकलं ते आपण ऐकायचं नाही?” ठरलं असं की उपासना देवळात, आणि बाकी सगळं बाहेर अंगणात, चिंचेखाली. विरोध करणाऱ्यांपैकी एक वडील त्या दिवशी पहिल्या ओळीत बसले होते. दुसरे आले नाहीत. त्यांचा मान आम्ही राखला, त्यांच्या घरचा खल त्यांच्या सुनेनं आणला होता.

डिसेंबरची थंडी, अंगणात शेकोटी नाही पण सगळ्यांच्या अंगावर शाली. आधी किंगरी. ते गायक वाकलेले, हातभर लांबीचं ते वाद्य छातीला टेकवून बसले आणि सुरुवातीला नुसतेच तारा जुळवत राहिले. मग कथा आली: महादेवानं गोंडांना कचीकोपा लोहागडाच्या गुहेत कोंडलं, दाराला शिळा लावली, आणि पहांदी कुपार लिंगोनं ती शिळा सारून त्यांना सोडवलं. गोंडी आम्हाला कळत नव्हती. त्यांचा नातू मध्ये मध्ये मराठीत सांगत होता. शिळा सरकते त्या जागी किंगरीचा आवाज घासटत खाली गेला आणि मग एकदम वर. पोरं मागे खेळत होती ती पुढे येऊन बसली.

खोलीत यंदा रांग नव्हती. एक्केचाळीस वस्तू, आणि जवळजवळ प्रत्येकीशेजारी एक माणूस. पट्ट्याही बदलल्या होत्या. घंटेखाली लिहिलं: ‘ही वाजवणाऱ्यांची नावं आम्ही गोळा करत आहोत. तुमच्या घरचं कुणी असेल तर वहीत लिहा.’ त्या संध्याकाळी सहा नावं आली. आजी खुर्चीवर फीत पदराला लावून बसल्या होत्या आणि 1970 चं सांगत होत्या: किती पाहुणे, किती भाषा, आणि चहाच्या घागरी वाहून दुखलेले खांदे. सगळ्यांनी ऐकलं ते खांद्यांचंच.

एक माणूस दारात घुटमळत होता. चाळिशीचा, इंदोऱ्याहून आलेला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी. आमच्या मंडळीचा नाही. त्यांच्या घरानं 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतलेली. ते म्हणाले, “पावती नाही माझ्याकडे. चालंल का?” त्यांचे आजोबा मिशनच्या शाळेत शिकले होते. गावच्या शाळेत पोरांना बाहेर बसवायचे, इथं आत बसवलं, एवढं आजोबा सांगायचे. पाटी साधी काळ्या दगडाची, लाकडी चौकट, एका कोपऱ्याला चीर. चौकटीच्या मागच्या बाजूला चाकूनं कोरलेलं एक अक्षर, ‘ग’. आजोबांच्या नावाचं.

“आम्ही तुमच्या धर्मात आलो नाही,” ते म्हणाले. “पण अक्षर इथं गिरवलं त्यानं.”

मी तिथल्या तिथं पावती लिहिली. क्रमांक बेचाळीस. स्थितीच्या रकान्यात लिहिलं: ‘उजव्या कोपऱ्यात चीर, मागे ग.’ टेबलावर जागा नव्हती. लुगड्याच्या घडीशेजारी सरकवून जागा केली. ते रात्री माइक बंद होईपर्यंत पाटीपाशी उभे होते, आणि जेवढी पोरं आली त्या सगळ्यांना त्यांनी तो ‘ग’ बोटानं चाचपायला लावला.

शेवटी कीर्तन. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं, आणि ते बाप्तिस्म्याआधी काही काळ नागपुरात राहिलेले, म्हणून आम्हाला त्यांचं जरा अधिकच वाटतं. पण कीर्तन करणारा आज मंडळीत कुणी उरलेला नाही. आम्ही पुण्याहून एकांना बोलावलं होतं. गाडी चुकली, ते आले नाहीत. पाळक साहेबांनी माइक घेऊन दिलगिरी व्यक्त केली आणि भजनी मंडळाला गायला सांगितलं. ते सुरू करणार तोच काकाजी उठले. खोलीत गेले, चिठ्ठी सोडली, चिपळ्या घेऊन आले.

वय ब्याऐंशी. गळ्यात धाप. पूर्वरंग त्यांना आठवत नव्हता, ते तसं बोलूनच दाखवलं, आणि सरळ आख्यानात शिरले. उधळ्या पुत्र डुकरांमागे फिरतो, शेंगांची साल खाऊन पोट भरावंसं त्याला वाटतं, आणि मग त्याला घर आठवतं. बाप लांबूनच पोराला ओळखतो ती जागा आली तेव्हा त्यांनी डाव्या हातातली चिपळी थांबवली. तार बांधलेली तीच. एका हातानंच पुढचा ठेका धरला. त्यांच्या वडिलांची ती खोड असावी. ती झांज तुटल्यावर त्यांना तिथं एका हातावरच यावं लागत असणार. मी विचारलं नाही. दोन ओळी त्यांना सुचल्या नाहीत, तिथं मागून आजींनी पुरवल्या. बारा-पंधरा मिनिटं चाललं असेल. त्यानंतर भजनी मंडळ गायलंच नाही.

रविवारी उपासनेनंतर निम्म्या वस्तू लोक स्वतःच घेऊन गेले. उरलेल्या मी सोमवारी शाळा सुटल्यावर पोचवल्या. प्रत्येक ठिकाणी पावतीवर ‘परत मिळाली’ अशी सही घ्यायची आणि स्थितीचा रकाना पुन्हा वाचून दाखवायचा. बेचाळीसपैकी एक्केचाळीस जशाच्या तशा गेल्या. दाईच्या पेटीची कडी गर्दीत वाकली. ती मी घरमालकिणीला दाखवली, पावतीवर लिहिली आणि स्वखर्चानं सरळ करून दिली. पाटी इंदोऱ्याला स्कूटरवर, डब्याच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळून.

काकाजींकडे सगळ्यात शेवटी गेले. त्यांनी चिपळ्या उलटसुलट करून पाहिल्या, तार चाचपली, सही केली. मी माझी प्रत घेतली आणि त्यांची प्रत फाडून टाकायला हरकत नाही म्हणाले.

“राहू दे जी,” ते म्हणाले.

त्यांनी पावतीची चौपदरी घडी केली, दोन चिपळ्यांच्या मध्ये ठेवली, त्यावर तेच जुनं फडकं गुंडाळलं आणि ट्रंक बंद केली.